आजीच्या थडग्यावरचं गवत

४ सप्टेंबर. ओसाका, इकुनो

ही वही आबोजींच्या, म्हणजे वडिलांच्या, कारखान्यातली आहे. मागच्या पानांवर बायकांच्या सँडलची मापं लिहिलेली आहेत, म्हणून मी पुढून सुरुवात करते. कारखाना म्हणजे आमच्या घराची खालची खोली. तिथे अडतीस वर्षं खिडक्या लावून आबोजींनी सँडलच्या तळांना चिकटवायचं सोल्यूशन फासलं. खिडक्या उघडल्या की शेजारी वासाची तक्रार करायचे. आता ते वरच्या खोलीत नाकाला नळी लावून पडून असतात, आणि खाली मशीन पोत्यानं झाकून ठेवलंय.

आज जेवताना म्हणाले, "रिह्वा, तुला नाहीतरी घर खायला उठतं. मग यंदा माझ्या कामासाठी हिंड."

काम असं. जेजू बेटावर त्यांच्या आईचं थडगं आहे. चंद्राच्या आठव्या महिन्याच्या प्रतिपदेपर्यंत बेटावरची माणसं आपापल्या थडग्यांवरचं गवत कापतात. आबोजी दर वर्षी इथून जाऊन कापून यायचे. गेली दोन वर्षं श्वासामुळे जमलं नाही. गावात आमचं आता कुणी नाही. "तिथे गवत राहिलं ना," ते म्हणाले, "की रस्त्यानं जाणारा म्हणतो, या घरातलं कुणी उरलं नाही वाटतं."

ओन्नीनं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीनं, वाटी आपटली. "हिला पाठवताय? हिनं आयुष्यात एक गोष्ट पुरी केली असेल तर दाखवा. शाळा अर्धी, पार्लरचा कोर्स अर्धा."

"म्हणून तर," आबोजी म्हणाले.

प्रतिपदा यंदा बावीस तारखेला आहे, म्हणजे हातात अठरा दिवस. ओन्नी म्हणते विमानानं जा, दोन दिवसांत परत ये. मी नाही म्हटलं. लिफ्ट मागत शिमोनोसेकीपर्यंत जाईन, तिथून बोटीनं बुसान, मग बस, मग पुन्हा बोट. विमानानं गेलं की कुठे गेल्यासारखंच वाटत नाही. आबोजी हसले. "मी सतराव्या वर्षी बोटीत माशांच्या खणात लपून आलो. तू कशानंही जा. प्रतिपदा चुकवू नकोस म्हणजे झालं."

मग खुणा सांगितल्या. गावाच्या वर संत्र्याची बाग. बागेमागे दोन थडगी शेजारीशेजारी, दोन्हींभोवती काळ्या दगडांचा गडगा. नावाचा दगड नाही. पण गडग्यात एक फट सोडलेली असते, मेलेल्या माणसाला ये-जा करायला. बाप्या असेल तर डावीकडे, बाई असेल तर उजवीकडे. "नीट बघ," म्हणाले आणि भिंतीकडे डोकं, माझ्याकडे पाय करून चटईवर सरळ झाले. "ती अशी निजलीय." उजवा हात पसरून दाखवला. तेवढ्यात खोकल्याची उबळ आली आणि ओन्नी पाणी घेऊन धावली, मग विषय राहिला. मी हातावर पेनानं लिहून घेतलं, आता इथे उतरवते: बाग, दोन थडगी, फट उजवीकडे.

रात्री भांडी घासताना ओन्नीनं विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना?"

"विश्रांती घ्या म्हणाले."

"तेवढंच ऐकलंस," ती म्हणाली.

५ सप्टेंबर. हायवेवर

पुठ्ठ्यावर 'पश्चिम' एवढंच लिहिलं. गावाचं नाव लिहिलं की त्या गावाला जाणारेच थांबतात, दिशा लिहिली की कुणीही थांबतो. दोन तासांत ट्रकवाला मिळाला, डुकरांचं खाद्य घेऊन चालला होता. मला ताई म्हणत विचारतो, "नेएचान, पश्चिमेला कुठे?"

"अगदी शेवटी."

"मग मी तुला निम्म्यात सोडतो. मला बायको आहे."

ओकायामापर्यंत त्यानं बायकोच्याच तक्रारी सांगितल्या, आणि उतरवताना तिनं बांधून दिलेले भाताचे दोन गोळे मला दिले.

८ सप्टेंबर. मुकाइशिमा बेट

इथे एका रात्रीसाठी आले होते. त्याला तीन दिवस झाले.

झालं असं की ओनोमिचीहून पलीकडच्या या बेटावर होडी जाते, तिचं तिकीट इतकं किरकोळ की न बसणं मूर्खपणाचं वाटलं. पलीकडे एक सार्वजनिक न्हाणीघर बंद होत होतं. मालकीणबाई, नोबुए-सान, वय पंचाहत्तर, एकटीच छिन्नी घेऊन भिंतीवरच्या फरशा उचकटत होत्या. भिंतीवर लाटा आणि मासे रंगवलेल्या फरशा आहेत, त्यांच्या नवऱ्यानं लावलेल्या. परवा पाडकाम करणारे येणार, त्याआधी जेवढ्या अख्ख्या निघतील तेवढ्या काढायच्या. मी म्हटलं, द्या इकडे. तेव्हापासून काढतेय. बदल्यात झोपायला जागा, दोन वेळचं जेवण.

शंभरात वीस फरशा अख्ख्या निघतात. माशाचं शेपूट आलं तर डोकं फुटतं.

"घाई असेल तर जा हो," नोबुए-सान म्हणाल्या.

"घाई कसली. बावीसपर्यंत वेळ आहे."

उद्या निघते.

१० सप्टेंबर. अजून मुकाइशिमा

आबोजींना फोन केला. मागे यंत्राचा आवाज येत होता, मला वाटलं धुलाई मशीन लावलंय.

"कुठवर पोचलीस?"

"वाटेतच आहे."

"कुठली वाट?"

मी न्हाणीघराची गोष्ट सांगितली. हसले, मग खोकले, मग म्हणाले, "सांग, सांग, पुढे काय." मी सगळं सांगितलं. फरशा, मासे, नोबुए-सानचा नवरा फरशा लावताना एक मासा उलटा लावून बसला होता ते, आणि तो उलटा मासाच तेवढा अख्खा निघाला ते. आबोजींनी मधे एकदाही तोडलं नाही. कितीतरी दिवसांनी माझं कुणी इतकं ऐकून घेतलं. शेवटी मी विचारलं, "ऐकताय ना?"

ओन्नीचा आवाज आला. "ते झोपलेत. दहा मिनिटं झाली. मी ऐकत होते."

ती म्हणाली, "निघ आता रिह्वा." नेहमीसारखी ओरडली असती तर मीही ओरडले असते. तशी ती ओरडली नाही.

१२ सप्टेंबर. शिमोनोसेकीची बोट

सगळ्यात स्वस्त वर्ग, म्हणजे मोठ्या खोलीत चटईवर आडवं व्हायचं. माझ्या शेजारी गाठोडी वाहणाऱ्या तीन बायका, बुसानहून माल आणायचा, इकडून माल न्यायचा, आयुष्यभर तेच. त्यातल्या एकीनं न विचारता माझी सॅक उघडली. "हिच्यात जागा आहे गं!" आणि सहा बरण्या कोंबल्या. मी म्हटलं, आजी, हे काय? "उतरल्यावर काढून घेते. तुझं काय झिजतंय?"

झिजलं. सॅकचा पट्टा तुटला.

१३ सप्टेंबर. बुसान

उतरून गरम पाण्याच्या आंघोळीचं ठिकाण गाठलं. इथे एकदा आत शिरलं की ऊबदार जमिनीवर सकाळपर्यंत कुठेही पडता येतं, गणवेश देतात, उकडलेली अंडी मिळतात. आमच्यासारख्यांचं हेच पंचतारांकित.

ओन्नीचा फोन. आबोजींना दवाखान्यात हलवलंय.

"तपासणीला?"

"हो... तपासणीला."

"मी परत येऊ का?"

तिनं फोन बाजूला धरला. मग लांब कुठेतरी आबोजींचा आवाज आला, शब्द कळले नाहीत. ओन्नी म्हणाली, "नको म्हणतात. पुढे जा."

मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायला नको होतं, पण लिहिलं. दवाखान्यात मला काय करावं कळत नाही. ओमोनीच्या वेळीही, म्हणजे आई आजारी होती तेव्हाही, मी सगळा वेळ खाली पेय विकणाऱ्या मशीनपाशी उभी राहायचे. कुठलं बटण दाबलं की कुठला डबा पडतो ते मला पाठ झालं होतं. ओन्नी वर बसायची.

१५ सप्टेंबर. बुसान

आबोजींचा मेसेज आला, चक्क टाइप केलेला! आजवर ते नुसतं बोलून पाठवायचे. बोटांना सोल्यूशनचे घट्टे, काचेवर बोट उमटायचंच नाही. दवाखान्यात शिकले वाटतं. लिहिलंय: "रिह्वा, मी बरा आहे. जेवत जा. इकडे पाऊस आहे, तुझ्याकडेही येईल, छत्री घे." शुद्धलेखनाची एक चूक नाही. मी परत लिहिलं, आबोजी, तुम्ही तर ओन्नीपेक्षा छान लिहिता. उत्तर यायला वेळ लागला. "हो," एवढंच आलं.

सॅक दुरुस्त करायला बाजारात फिरले. एका गल्लीच्या टोकाला खोकंभर दुकान, आत बेक आजोशी, म्हणजे बेक काका, सत्तरीचे, ताडपत्री आणि चामडं शिवतात. उंबऱ्याशीच सोल्यूशनचा वास आला. आत आबोजींच्यासारखंच मशीन, पायानं दाबायचं, कुठल्या तरी जुन्या कंपनीचं. मला वास फार आवडला असं नाही, पण पाय निघेना.

"पट्ट्याला तास लागेल," आजोशी म्हणाले.

"बसते."

"बसायला जागा नाही."

"मग उभी राहते."

थोड्या वेळानं माझ्या हातात सुई आली. वाकडं शिवलं तर म्हणतात, "हा काय रस्ता आहे का, वळणं घ्यायला?"

१७ सप्टेंबर. बुसान

अजून दुकानातच. सकाळी येते, संध्याकाळी गरम जमिनीवर जाऊन पडते. आज आजोशींनी तळ चिकटवायला दिला. मी सोल्यूशन फासून फुंकर घातली, नीट सुकलं का ते बोटाच्या पाठीनं बघितलं. ते थांबून बघत राहिले.

"हे कुठे शिकलीस?"

"कुठेच नाही. घरी."

"घरी कोण करतं?"

"वडील. आता नाही करत."

दुपारी त्यांनी नूडल मागवले, त्यातलं अंडं माझ्या वाटीत टाकलं. मग म्हणाले, "गवत कापायला जायचंय म्हणालीस ना? आज सतरा तारीख."

"बावीसला प्रतिपदा आहे."

"पोरी, वादळ येतंय. बोटी बंद पडतील. आमच्या बाजारात सगळ्यांना माहीत आहे, तुलाच माहीत नाही."

पट्टा त्यांनी पहिल्याच दिवशी शिवून ठेवला होता. खुंटीला टांगलेला होता, मला तीन दिवस दिसत होता.

१९ सप्टेंबर. मोकपो

बोटी बंद. काल सकाळी आले असते तर मिळाली असती. बंदरावरच्या बाकावर बसून आहे. आबोजींना लिहिलं, वादळामुळे अडकले, वेळेत पोचेन. उत्तर लगेच आलं: "घाबरू नकोस. सावकाश. फक्त पोच." आबोजी पूर्वी एवढे सौम्य नव्हते. दुखणं माणसाला मऊ करतं म्हणतात ते खरं असेल.

फोन केला तर कुणी उचलला नाही.

२० सप्टेंबर. बोटीवर

वारा पडला, बोट सुटली. समुद्र अजून उंच आहे, निम्मी बोट ओकतेय. सगळे गवत कापायला चाललेले आहेत, प्रत्येकाच्या सामानात वर्तमानपत्रात गुंडाळलेला विळा. मी लिफ्टनं ज्या ट्रकांतून आले त्यातल्या कुणाला हे दृश्य सांगितलं असतं तर पोलिसांना बोलावलं असतं. मीही बंदरावर एक विळा घेतला.

दुपारी तीनच्या सुमाराला एकदम आबोजींची आठवण आली. काही कारण नाही. समोर एक माणूस जोड्यांचा तळ बोटानं दाबून बघत होता, म्हणून असेल.

२१ सप्टेंबर. जेजू

कापलं! सबंध! हाताला फोड आलेत, पेन धरवत नाही, तरी लिहिते.

गाव, बाग, बागेमागची वाट, सगळं आबोजींनी सांगितलं तसं. दोन थडगी. मी समोर उभी राहून बघितलं. एकाच्या गडग्यात उजव्या हाताला फट, स्पष्ट. हेच आपलं. गवत कमरेएवढं. आबोजी उगाच घाबरत होते, दोन वर्षं कापलं नाही तरी एवढंच वाढलंय. शेजारचं मात्र बघवत नाही. काटेरी वेल, माणसाएवढी झुडपं, एक झाड तर थेट उंचवट्यातून उगवलेलं, गडगा कुठे संपतो तेही कळत नाही. त्या घरात खरंच कुणी उरलं नसेल. मला वाईट वाटलं. वेळ मिळाला तर थोडं तेही साफ करावं असा विचार आला होता, पण कंबर राहिली नाही.

सकाळी आठला सुरुवात केली, पाच वाजले. मधे एकदाही कुठे गेले नाही. एकदाही नाही. खाली किनाऱ्यावर कुठल्या तरी उत्सवाचा ढोल वाजत होता, तरी गेले नाही. ओन्नीनं बघायला हवं होतं.

फोटो काढला. कापलेलं थडगं, गडगा, फट, मागे समुद्र. आबोजींना पाठवला: "हेच ना?"

सहा मिनिटांनी उत्तर: "हेच ते. छान झालं. आता लगेच घरी ये. विमानानं ये. पैसे ओन्नी पाठवेल."

मी लिहिलं, उद्या प्रतिपदा आहे, दारू वाहून दोनदा डोकं टेकवून येते, अर्धवट कशाला सोडू? मी विळा पुसून वर्तमानपत्रात गुंडाळला. मग आलं: "बरं."

मी लहान होते तेव्हा आबोजी माझ्या गृहपाठावर एक गोल काढायचे, शाबासकी म्हणून. आज तसं वाटलं.

२२ सप्टेंबर. जेजूचा विमानतळ

क्रमानं लिहिते, नाहीतर लिहिता यायचं नाही.

सकाळी तांदळाची दारू आणि वाळवलेला मासा घेऊन वर गेले. थडग्यापाशी लोक होते. जाडजूड माणूस, त्याचे दोन भाऊ, गवत कापायचं मशीन, आणि गडग्यावर बसलेली एक म्हातारी, त्यांची आई. जाडा माणूस थडग्याभोवती फिरत म्हणत होता, "अरे पण कापलं कुणी? कसं कापलंय बघ, उंदरानं कुरतडल्यासारखं."

मी म्हटलं, "मी कापलं. आमचं आहे."

"तुमचं? अगं, हे आमच्या आजोबांचं. आम्हा मुन घराण्याचं."

"नाही. माझ्या वडिलांनी खूण सांगितलीय. आजीचं आहे. बाईचं. फट उजवीकडे."

म्हातारी काठी टेकत जवळ आली. जेजूची बोली मला निम्मीच कळते, पण आबोजी चिडले की हीच बोलतात, त्यामुळे ही वाक्यं सगळी कळली. "तुझ्या उजवीकडे आहे गं ती. तू मेलीयेस का? निजलेल्याची उजवी बघायची. तो तिकडून इकडे तोंड करून निजलाय, त्याची ही डावी झाली. बाप्या आहे तो. कुणाची पोर तू?"

"ज्वा सँग-होची. ओसाकाच्या."

"सँग-होची!" तिनं माझा हात धरला आणि फोड बघितले. "मग तुझी आजी ती." काठीनं शेजारचं जंगल दाखवलं. झाड उगवलेलं.

मी म्हटलं, असं कसं होईल. फोटो पाठवला होता. वडील हेच म्हणाले. फोन काढून दाखवला. म्हातारीनं तो हातभर लांब धरून बघितला, मग माझ्याकडे बघितलं. "दर वर्षी माझ्याकडे विळ्याला धार लावायला यायचा तो. डोळे बांधले तरी आईचं थडगं दाखवील. सँग-हो याला 'हेच' म्हणणार नाही, बाळ."

मी वाटेपर्यंत चालत गेले. ओन्नीला फोन लावला.

"आबोजींना दे."

"झोपलेत."

"उठव."

तिकडे दार लागल्याचा आवाज आला.

"मिह्वा, आबोजींना दे." आजवर तिला मी नावानं हाक मारली नव्हती.

मग तिनं सांगितलं. परवा, दुपारी तीनला. चौदा तारखेपासून शुद्ध नव्हती. तेरा तारखेला मला नको म्हणाले तेच शेवटचं बोलणं. "म्हणाले, तिला मधेच बोलावू नकोस. एकदा तरी तिला काही तरी पुरं करू दे. मी वचन दिलं. परवा रात्री तुला सांगणारच होते, फोन हातात होता. म्हटलं उद्या कापून होईल तिचं, मग सांगू. मग तुझा फोटो आला, इतका..." तिनं नाक शिंकरलं. "उद्या दहन आहे. येशील ना?"

मी हो म्हटलं. थडग्याची चूक सांगितली नाही. तिनंही विचारलं नाही, मला आबोजी आत्ताच का हवेत ते.

परत आले तेव्हा मुनांनी वाट करून दिली, तोंडावरून कळलं असेल. मी विळा घेऊन आजीच्या झुडपात शिरले. एक वेल कापली, दुसरी कापली. हातावरचे फोड फुटले होते, विळा सटकत होता. म्हातारी जाड्या मुलाला म्हणाली, "बघत काय उभा राहिलास? पोरीनं आपलं काम केलंय ना दिवसभर? मग हे आपल्या अंगावर आहे."

बेटावर असंच आहे. कुणी तुमच्या शेतात राबलं तर तुम्ही त्याच्या शेतात राबायचं, चुकून राबलं तरी.

मी म्हटलं, "नको, मी करते."

"विमान कधीचं?"

"संध्याकाळचं."

"मग तुझ्यानं पुढच्या वर्षापर्यंत व्हायचं नाही," जाडा मुन म्हणाला आणि मशीनची दोरी ओढली.

तिघे भाऊ. एकानं झाड करवतीनं पाडलं, एक वेली ओढून बाहेर फेकत होता, जाडा मशीन घेऊन गोल फिरत होता. गवत उडत होतं. गडगा बाहेर आला, मग फट, निजलेल्या बाईच्या उजव्या हाताला, मग उंचवटा, गोल, बुटका, माझ्या कल्पनेपेक्षा खूप लहान. मी मोठ्यानं म्हटलं, "थोडं ठेवा! एवढंसं माझ्यासाठी ठेवा!" मशीनच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही. हसून मान हलवली, त्याला वाटलं मी आभार मानतेय. आणि तेवढंही कापून टाकलं.

चाळीस मिनिटं लागली. मला इथवर यायला अठरा दिवस लागले होते.

दारू वाहिली. दोनदा डोकं टेकवलं. फोटो काढला, कारण काढायचा असतो. मग तो कुणाला पाठवायचा हे कळेना, आणि फोन खिशात ठेवला. म्हातारीनं मासा सोलून माझ्या तोंडात घातला. "खा. रडायचं असेल तर खाऊन रड."

जाड्यानंच विमानतळावर सोडलं. वाटेत एकदाच बोलला. "आमच्या आजोबांना दोनदा डोकं टेकवलं असतंस ना, तर त्यांनी आशीर्वादच दिला असता. माणूस चांगला होता." मग आरशात बघून म्हणाला, "गवत मात्र वाईट कापतेस."

२३ सप्टेंबर. ओसाका

आबोजी लहान दिसत होते. नाकाची नळी नव्हती, त्यामुळे ओळखीचे वाटले. बोटांवरचा सोल्यूशनचा पिवळा रंग कुणी तरी पुसून काढला होता. तो पुसायला नको होता.

शवपेटीत प्रत्येकानं फुलं ठेवली. झाकण लावायच्या आधी ओन्नीनं फुलांत हात घातला आणि त्यांच्या छातीवरचा एक कागद सरळ केला. फोटो. मोठ्या आकारात छापलेला.

"दुकानातल्या मशीनवर काढून आणला," ती हळूच म्हणाली. "परवा तू पाठवलास ना, तेव्हा इथे येऊन त्यांच्या डोळ्यांपुढे धरला होता. आता त्याचा काय उपयोग, पण धरला. म्हटलं बरोबर नेतील." तिचे डोळे सुजलेले होते. दहा दिवसांत ती झोपली नसावी. "तेच आहे ना गं? मला सगळी थडगी सारखीच दिसतात. मी आपलं लिहून टाकलं, हेच ते."

फोटोत मुनांचे आजोबा, माझ्या हातानं वेडेवाकडे भादरलेले.

खरा फोटो माझ्या खिशात होता. खाली रस्त्यापलीकडेच दुकान आहे. धावत गेले असते तर पाच मिनिटं. माणसं हातात झाकण धरून उभी होती, ओन्नी माझ्याकडे बघत होती.

"हेच," मी म्हटलं.

झाकण लागलं.

नंतर वाट बघायच्या खोलीत आम्ही दोघीच बसलो. दहनाला तासाहून जास्त लागतो. तिनं चहा ओतला. म्हणाली, "मला वाटायचं तू काही पोचायची नाहीस. मेसेज लिहिताना दर वेळी वाटायचं, आता ही कुठे तरी अडकली असणार. पण केलंस तू." आणि माझ्या तळव्यावरच्या फोडांवर आपला हात ठेवला. लहानपणी कधी तरी ठेवायची तसा.

मी आत्ता सांगेन म्हटलं. चहा संपल्यावर सांगेन म्हटलं. मग आम्हाला आत बोलावलं, लांब काड्या हातात दिल्या आणि इथल्या रिवाजाप्रमाणे दोघींनी मिळून राखेतली हाडं उचलली.

बाहेर येताना ती म्हणाली, "पुढच्या वर्षी दोघी जाऊ. मला दाखव आजी कुठे आहे ती."

"जाऊ," मी म्हटलं.

तिथे गेल्यावर तिला दिसेलच. त्याच्या आधी सांगायला हवं. वर्ष आहे अजून, वर्ष म्हणजे पुष्कळ. आबोजींनी दिलेले अठरा दिवससुद्धा पुष्कळच होते.